मायची घंटा

आचलला ऐकू येत नाही अशी शंका मला पहिल्यांदा कुकरमुळे आली.

शिट्टी इतकी कर्कश झाली की माझ्या हातातली पळी खाली पडली. आचल मात्र स्वयंपाकघराच्या दारात गोधडीवर पडून पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही. पुढच्या शिट्टीला मी तिच्याकडं बघत उभी राहिले. त्याच्या पुढच्याही. वरण करपलं, आणि वास आला तेव्हा सासूबाई आत आल्या.

"काय व वर्षाली, उभ्याउभी झोपली होती का?"

"आई, हिला ऐकू येत नाही वाटतं."

त्यांनी कुकर उतरवला. नातीकडं पाहिलंही नाही. "शिकेल बायाइचं असंच असते," त्या म्हणाल्या. "लेकरू रडलं तं काहून रडते, नाई रडलं तं काहून नाई रडत. गुणाची हाय पोट्टी. शांत हाय."

तेव्हापासून मी घरभर आवाज करत हिंडू लागले. तिच्या पाठीमागं ताट पाडायचं, दार आपटायचं, मोबाईलची रिंग मोठी करून उशाशी ठेवायची. समोर आले की ती अख्ख्या अंगानं हसायची. मागून कितीही हाका मारल्या तरी ढिम्म. माझं माहेर अकोल्याचं, मी इतिहासात एम.ए. केलेलं. पुरावा म्हणजे काय ते मला शिकवलेलं आहे. माझ्याजवळ तो रोज साठत होता आणि घरात तो कुणालाच नको होता.

किशोर, माझा नवरा, बडनेऱ्याला रेल्वेत आहे. रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन करतो. फार मागं लागले तेव्हा त्यानं आम्हाला नांदगाव खंडेश्वरला एका लहान मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी आचलच्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली. आचल वळली.

"अहो ताई, ही तर मस्त वळते!"

परत येताना किशोर गाडीवर शीळ घालत होता. मी मागं बसून आचलचं डोकं छातीशी धरलं होतं. मी घरी शंभरदा टाळ्या वाजवल्या होत्या, लांबून. तिथं ती वळली कशी?

"अमरावतीला मशीनवर तपासतात," मी म्हणाले. "एकदा जाऊन येऊ."

"डॉक्टर बोलला नं आता? आणखी काय पाहिजे तुले?" मग थोडा नरमला. "हे पाह्य. मायची घंटा महिन्यावर आली. घंटेले नाही दचकली तं दुसऱ्याच दिवशी अमरावती. माहा शब्द. दचकली तं मग हे ताटं पाडणं बंद. कबूल?"

एकटीनं एसटीत बसून जाणं काही अवघड नव्हतं. पण परत याच घरात यायचं होतं, आणि तपासणीत काही निघालं तर पुढचं सगळं एकटीनं रेटायचं होतं. मी कबूल म्हणाले. त्या दिवसापासून मी देवाला जे मागत होते ते कुठल्या आईनं मागितलं नसेल. घंटा वाजू दे आणि माझ्या लेकीला दचकू देऊ नको.

आमच्या माणिकपेठेत बाहेरचा माणूस आला की आधी चर्च बघून थबकतो. आजूबाजूला कापसाचं काळं रान, मधे टिनाच्या छपरांचं गाव, आणि त्यात ही एवढी नटलेली दगडी इमारत. दर्शनी भिंत समुद्राच्या लाटेसारखी वळत वर जाते. पीळ दिलेले खांब, चुन्यात उठवलेल्या द्राक्षांच्या वेली, कोपऱ्याकोपऱ्यात फुगऱ्या गालांचे पंखवाले देवदूत. या शैलीला बरोक म्हणतात. इंग्रजांच्या काळात एका परदेशी पाद्र्यानं गोव्याहून कारागीर आणून ते बांधलं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच उरलीत. पण आतली मारिया माऊली सगळ्या गावाची आहे. वेशीवरची ती मरीमाय आणि चर्चमधली ती मेरीमाय. आमच्या बायका दोघींनाही नुसतं 'माय' म्हणतात, आणि कुठली माय असं विचारलं तर विचारणाऱ्याकडंच वेड्यासारखं बघतात.

पोळ्याच्या पुढंमागं मायचा दिवस येतो. वर्षाच्या आतली सगळी लेकरं तेव्हा चर्चच्या पडवीत आणतात. वर मनोऱ्यात घंटा, तिचा दोर छतातल्या भोकातून खाली आलेला, आणि दोराशेजारी एक गुळगुळीत सपाट दगड. लेकरू दगडावर ठेवायचं. घंटेचा एक टोल. दचकलं, रडलं, की आईनं म्हणायचं, "माहं हाय, मी नेतो." जमलेल्या बायका म्हणतात, "ने माय, ने." आणि नाहीच रडलं तर ते लेकरू मायचं. त्याला कुणी मारत नाही, टाकत नाही. फक्त तेव्हापासून ते तुमचं नसतं.

तशी गावात एकच आहे, मनकर्णा. चर्चच्या मागच्या खोलीत राहते, झाडलोट करते. ऐकू येत नाही, बोलता येत नाही. नावात कान असलेली बाई, असं माझ्या मनात आलं होतं आणि मग माझीच मला लाज वाटली होती. घंटा तीच वाजवते. तिच्या कानाला त्रास नाही, असं लोक हसून सांगतात.

योगायोग म्हणा, त्याच महिन्यात फादरनी मला बोलावलं. ते वसईकडचे, अमरावतीहून रविवारी येतात. फाटकापाशी चर्चच्या इतिहासाची पाटी लावायची होती.

"ताई, तुम्ही इतिहासाच्या. दहा-बारा ओळी मराठीत लिहून द्या. पर्यटक हल्ली येतात."

"घंटेबद्दलही लिहू?"

"लिहा ना. सुंदर प्रथा आहे."

मला घंटेचंच हवं होतं. मी आचलला कडेवर घेऊन माणिकबाईंकडं गेले. त्या गावातल्या सगळ्यांत जुन्या ख्रिस्ती बाई. डोळे गेलेत, जीभ मात्र शाबूत. अंगणात खाटेवर बसून त्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या.

"इतिहास पाहिजे तुले? घे," त्या म्हणाल्या. "माहा आजा या चर्चात भेटला."

"भेटला म्हणजे?"

"दुष्काळात. छप्पनच्या. संवतातलं छप्पन, सव्वाशे वर्सं झाले. मायबाप कोण, गाव कोणतं, काहीच ठाव नाई. पाद्रीबुवानं पोटासाठी काम काढलं होतं नं, तेच हे चर्च. दगड वाहा आन् कण्या खा. माणसं इतकी आलती का चुन्याच्या घाण्याले बैल नव्हते, माणसंच जुपले. त्या चुन्यात गूळ टाकत, उडदाचं पाणी टाकत. पक्का होते म्हणे." त्यांनी सुपारी गालात सरकवली. "तं लेकरं तो चुना चाटत. गोड लागे नं. तोंडं भाजून भाजून मेले."

मी आचलचं तोंड हातानं पुसलं. तिनं काहीच खाल्लेलं नव्हतं.

"आणि घंटा?"

"कण्या शिजल्या का घंटा होये. पडवीत लेकरं ओळीनं निजवेल राहत. घंटेले जे हाललं, रडलं, त्याच्या तोंडात कण्या. जे नाई हाललं त्याले मागं न्यायचे."

"मागं कुठं?"

"मागंच. आता जिथं सीताफळाचं बन हाय."

त्या सीताफळांची टोपली दर हंगामात आमच्या घरीही येते. सासूबाई आणतात.

"पण उपाशी लेकरात रडायची तरी ताकद कुठली असेल?" मी विचारलं.

माणिकबाई हसल्या. आंधळी नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं. "तेच तं. ज्याले कोनी होतं ते रडलं. जाय आता, पोट्टीले ऊन लागन."

पाटीचा मजकूर मी लिहिला, चुना आणि सीताफळांसकट. फादरनी वाचून चष्मा काढला. "खरं असेलही, ताई. पण लोक फोटो काढायला येतात. 'दुष्काळात शेकडो बालकांना येथे जीवदान मिळाले', एवढं पुरे. तेही खरंच आहे ना?" खरंच होतं. मी कागदाची घडी घातली.

त्या दिवशी बाहेर पडताना पडवीत मनकर्णा झाडत होती. आचलला बघून तिनं झाडणी ठेवली, जवळ आली आणि माझ्या मागं गेली. आचल माझ्या कडेवरून समोर रस्त्याकडं तोंड करून होती. मनकर्णानं तिच्या मानेमागं एक टाळी वाजवली, पण हात लांब धरून. काही नाही. मग ती वाकली आणि आचलच्या मानेवर हळूच फुंकर घातली. आचल गर्रकन वळली आणि खिदळली.

मनकर्णा हसली नाही. तिनं मला बोटानं दाखवलं, आधी स्वतःचा कान, मग आचलचा.

नांदगावच्या डॉक्टरांच्या टाळीचा वारा लागला होता तिला. आवाज नाही.

घरी हे सांगितलं तर सासूबाईंच्या हातातली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सुटली. वाडीतला भाजीपाला त्या स्वतःच बाजारात नेऊन विकतात. "तिच्याजवळ नेत जाऊ नको लेकराले," एवढंच म्हणाल्या. कधी नव्हे तो त्यांचा आवाज बारीक झाला होता. सासूबाईंचं माहेर याच गावातलं, चर्चमागच्या आळीतलं. पण चर्चवरून जाताना त्या कायम पलीकडच्या कडेनं चालायच्या, हे मी लग्नापासून बघत होते. चिखल असतो म्हणून, असं मला वाटायचं.

मायच्या दिवशी सकाळपासून पडवीत गर्दी. बाहेर फुगे, जिलबीची कढई, बांगड्यांची पथारी. रांगेत माझ्या पुढं आकांक्षा होती, शेजारच्यांची सून, दोन महिन्यांचा मुलगा घेऊन.

"वहिनी, भेव वाटते व," ती कुजबुजली. "झोपला तं?"

तिची सासू मागूनच म्हणाली, "झोपत नाई. मी हावो नं."

आकांक्षाच्या बाळाचा टोल झाला. बाळ किंचाळलं. "ने माय, ने!" बायका ओरडल्या. तिच्या सासूनं दुपट्यातून हात काढून कपाळाचा घाम पुसला. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. इतकं बारीक लक्ष ठेवणारी मी, मला दिसलं नाही.

आमची पाळी आली. मी आचलला ठेवायला वाकले तर सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं.

"पहिल्यांदा आजीनं ठेवा लागते."

"असं कुठं..."

"असंच हाय. सरक."

त्यांनी आचलला दुपट्यासकट दगडावर ठेवलं आणि एक हात तिच्याखालीच राहू दिला, आधाराला असावा तसा. किशोर पुरुषांच्या घोळक्यात टाचा उंचावून बघत होता. मनकर्णानं दोर धरला. तिची नजर लेकरावर नव्हती, सासूबाईंच्या हातावर होती. तिनं दोर खाली ओढायला घेतला. दंड ताणले, अंग झुकलं, आणि अर्ध्यात ती थांबली.

आचल किंचाळली.

घंटा वाजलीच नव्हती.

पडवीत क्षणभर कढईतल्या तुपाची चरचर ऐकू येत होती. सासूबाईंचा चेहरा मातीसारखा झाला. मनकर्णा दोर तसाच ताणून धरून त्यांच्याकडं बघत होती. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांना कळलं.

मग मागून कुणीतरी बाई ओरडली, "अवो माय! घंटेआंधीच आयकलं पोट्टीनं!"

"मायनं कानात सांगतलं तिच्या!"

"नशीबवान हाय वो!"

दोर सुटला. टोल पडला, पण आचल आधीच ओक्साबोक्शी रडत होती. झेंडूच्या पाकळ्या आमच्या अंगावर आल्या. किशोर गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे भरले होते. इतके दिवस तोही घाबरलेलाच होता, हे मला तेव्हा समजलं. "पाह्यलं? पाह्यलं का तू?" तो मला हलवत म्हणाला. "सुटलो वर्षाली. बाप्पा, सुटलो."

घरी आल्यावर मी आचलचा लंगोट बदलला. डाव्या मांडीवर, आतल्या बाजूनं, दोन नखांचे लाल अर्धचंद्र होते. मधलं मांस निळं पडत चाललं होतं.

मी किशोरला बोलावून दाखवलं.

"दगड टोचला असन."

"दगडाला नखं असतात?"

"वर्षाली, बस कर. आई हाय ते माही." आणि तो गावजत्रेत मित्रांकडं निघून गेला. जाताना आचलच्या गालाचा पापा घेतला, हलका होऊन, मोकळा होऊन. दिलेल्या शब्दातूनही मोकळा.

सासूबाई मागच्या अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी आचलला त्यांच्यासमोर पाटावर बसवलं, मागं गेले आणि पितळी ताटावर लाटणं हाणलं. झाडावरचे कावळे उडाले. आचल सांबाराच्या काडीकडं हात लांबवत राहिली.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी लाटणं ताटात टाकलं. "आणि तरी चिमटा घेतलात?"

"सगळ्याच घेतात." त्या जुडीला दोरा गुंडाळत होत्या, गरजेपेक्षा जास्त वेढे. "तुह्या नवऱ्याले मी घेतला. मले माह्या आजीनं. तुले काय वाटलं, झोपेल लेकरं घंटेनं जागतात?"

"मग ती कसली परीक्षा? लेकराची परीक्षा म्हणता..."

"लेकराची कोन म्हणते? मायची हाय ते." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "दुष्काळात पडवीत पडेल लेकरू कायले रडते व? त्याच्यात काय उरलं राहत होतं? ज्याची माय बाजूले जित्ती होती, तिनं घंटा आयकली का चिमटा घेतला. रडलं, कण्या भेटल्या. ज्याची माय रातीच मेली, त्याले कोन घेईन चिमटा?"

माणिकबाईंचं हसणं मला आठवलं. ज्याले कोनी होतं ते रडलं.

"आजी मेल्यावर माह्या मायनं नाई घेतला," सासूबाई म्हणाल्या. "ते होती तिवश्याकडली. तुह्यासारखीच, खऱ्याची. म्हणे देवापुढं लबाडी नाई करत मी. घंटा झाली न् मनकर्णा टुकुटुकू पाहत राहिली. बाप तिथंच सोडून आला तिले. मायची झाली म्हणे."

"मनकर्णा..."

"माही बहीण हाय. लहान." त्यांनी जुडी टोपलीत टाकली, ती बाहेर पडली, त्यांनी ती उचलली नाही. "मी तिच्या बाजूलेच उभी होती. माहा हात पोचला असता. मले कोनी सांगतलं नव्हतं."

मी खाली बसले. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, घरात कुणाला काही दुखणं? या लोकांनी नाही म्हटलं होतं. मनकर्णा घरात नव्हतीच ना. ती मायची.

"आई, आता तसं नाही. कानाला मशीन असतं. लहानपणीच लावलं तर बोलायला शिकतात. ऑपरेशन असतं. पण लवकर, आई. आत्ता."

"मशीन कानावर दिसते नं?"

"दिसू दे की!"

"दिसलं का संपलं." त्यांनी आचलला ओढून मांडीवर घेतलं. मांडीवरच्या त्या निळ्या डागावर त्यांचा अंगठा फिरत होता, मलम चोळावं तसा. "आज गाव म्हणते नशीबवान. तेच गाव उद्या तिच्या हातात दोर देईन. तुले समजत नाई. मी पाह्यला हाय तो दोर."

त्यांचं सगळं खरं होतं आणि त्या खरेपणातच माझी मुलगी बुडत होती. त्यांनी तिला वाचवलं होतं, आणि आता कुणीही तिला दवाखान्यात नेणार नव्हतं. मी आचलला त्यांच्या मांडीवरून उचललं, आणि चप्पल न घालताच निघाले.

उन्हं अजून वर होती. जत्रा उठलेली नव्हती. पडवी मात्र रिकामी होती, मनकर्णा खांबाला टेकून परातीतला प्रसाद खात होती. मी आचलचं दुपटं सोडलं, अंगडं काढलं, आणि तिला उघडीच दगडावर ठेवली. मग मागं सरकले, चांगली हातभर नाही, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि दोन्ही हात वर धरले, कुणालाही दिसतील असे. मनकर्णाला मी मानेनं दोर दाखवला.

तिनं जोरात मान हलवली. नाही. आचलकडं बोट केलं, स्वतःकडं केलं, आणि पुन्हा नाही. दोन्ही तळव्यांनी ती मला ढकलल्यासारखं करत होती, जा, घेऊन जा हिला.

मी कान दाखवला, मग रस्त्याकडं, अमरावतीच्या दिशेला, मग हात जोडले. तिला काय कळलं मला माहीत नाही. ती उठली. तेवढ्यात तिची नजर माझ्या मागं गेली. सासूबाई धावत आल्या होत्या, पदर सुटलेला, हाताला अजून सांबाराची माती. दोघी बहिणी एकमेकींकडं बघत राहिल्या. कायम पलीकडच्या कडेनं जाणाऱ्या सासूबाईंना तिच्याकडं सरळ बघताना मी प्रथमच पाहत होते. त्या एक पाऊल दगडाकडं आल्या. हात पुढं झाला. आणि तिथंच हवेत थांबला.

मनकर्णानं दोर ओढला.

एक टोल नाही. ती ओढतच राहिली. अवेळी घंटा म्हणजे आग लागली किंवा कुणी मेलं. माणसं धावत आली, जिलबीवाला, बांगडीवाली, आकांक्षा, सकाळच्या सगळ्या बायका. मनोऱ्यातली कबुतरं घिरट्या घालत होती. माझ्या दातांत कंप जाणवत होता. आणि दगडावर माझी लेक उताणी पडून सकाळची एक झेंडूची पाकळी बोटात धरायचा प्रयत्न करत होती. पाकळी निसटायची. ती पुन्हा धरायची. कपाळाला एक लहानशी आठी, ती पाकळीसाठी.

मनकर्णा दमून थांबली. आकांक्षानं आपल्या बाळाच्या तोंडावर पदर ओढला आणि दोन पावलं मागं गेली.

"मायची हाय वो," एक बाई हलक्या आवाजात म्हणाली.

किशोर गर्दीत होता. हातात जिलबीचा पुडा, त्यातून पाक ठिबकत होता.

मी पुढं झाले. आचलला उचललं. ती माझा चेहरा दिसताच हसली, नेहमीसारखी, अख्ख्या अंगानं.

"माझी आहे," मी म्हणाले. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाले. "माझी आहे. मी नेते."

"ने माय, ने" असं कुणीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. किशोरनं शब्द पाळला. सासूबाई न विचारता आमच्यासोबत निघाल्या, बाजाराचा दिवस बुडवून. एसटीत गावातल्या दोन बायका होत्या. त्या आमच्या बाकाजवळून उठून पुढं जाऊन बसल्या.

आचलला औषध देऊन निजवलं, डोक्याला तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघा सरकत होत्या. आवाज वाढवत नेला की रेघेला उंचवटे यायला पाहिजेत, असं तिथल्या मुलीनं मला सांगितलं होतं. मी रेघेवरून नजर काढली नाही. ती आमच्या रानासारखी सपाट होती, शेवटपर्यंत.

डॉक्टर बाई हळू बोलत होत्या. दोन्ही कान. जवळजवळ काहीच नाही. मशीन लावून बघू, कदाचित ऑपरेशन लागेल, किती उपयोग होईल ते आजच सांगता येणार नाही. लवकर आणलंत ते बरं केलंत. मग त्यांनी पेन उचललं.

"घरात आणखी कुणाला असं आहे? जन्मापासून?"

मी किशोरकडं पाहिलं. किशोर फरशीकडं बघत होता. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते माझं द्यायचं नव्हतं. बाहेर बाकांवर माणसं दाटीनं बसली होती, दार उघडंच होतं, आणि दारात सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचा एक हात पदराखाली होता. मला दिसत होतं, त्या स्वतःच्याच दंडाला चिमटा घेत होत्या.

"माही बहीण," त्या म्हणाल्या. मोठ्यानं, बाहेरही ऐकू जाईल इतक्या.

"नाव?"

"मनकर्णा."

"आहेत अजून?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "घंटा वाजवते."